एक गाणं म्हणजे नेमकं काय? प्रेम, दारू आणि दर्याच्या गाण्यांतून संशोधनाचा पहिला धडा



पेटची तयारी करणारे, नेट-सेट होऊन गाईड शोधणारे, किंवा 'विषय काय घेऊ?' या एकाच प्रश्नावर सहा महिने अडलेले, अशा सगळ्यांसाठी आजचा लेख आहे. विषय जरा वेगळा निवडलाय: गाणी. तीही इंग्रजीतली लोकप्रिय गाणी, प्रेमाची, दारूची आणि समुद्राची.

आता तुम्ही म्हणाल, सायन्सवाल्याला गाण्यांशी काय करायचंय? माझं रोजचं काम केळीवरच्या 'हरण्या' रोगाच्या विषाणूचं. यावल-रावेर पट्ट्यातल्या शेतकऱ्याला हरण्या म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. पानांवर पिवळे पट्टे दिसले की तो ओळखतो. आम्ही त्या पानांतून विषाणूचा जनुकक्रम काढतो आणि दोन नमुने एकमेकांच्या किती जवळचे आहेत ते मोजतो. नेमकी हीच पद्धत गाण्यांवरही वापरली गेली आहे, आणि ती समजून घेताना संशोधनातली एक मूलभूत गोष्ट फार स्वच्छ दिसते. ती अशी: मोजायला लागण्याआधी, आपण ज्याला 'एक' म्हणतो ते 'एक' म्हणजे काय, हे ठरवावं लागतं. हे ठरवलं नाही तर बाकीचं सगळं काम, कितीही मेहनतीचं असलं तरी, लटकतं.

इंग्रजी गाणी घ्यायचं कारण साधं आहे. त्यांचा संग्रह आणि अभ्यास दीडशेहून अधिक वर्षं सलग चाललाय, त्यामुळे कुठे काय अडचण येते हे नोंदलेलं आहे. आपल्याकडची गुलाबाईची गाणी, जात्यावरच्या ओव्या यांवर काम करायचं असेल तर या अडचणी आधीच माहीत असलेल्या बऱ्या.

१. प्रेम: एकच गाणं, पण शंभर रूपं

'बार्बरा ऍलन' हे इंग्रजीतलं खूप जुनं प्रेमगीत. गोष्ट थोडक्यात अशी: एक तरुण प्रेमात झुरून मरणशय्येवर पडलाय. तो बार्बराला निरोप पाठवतो. ती रमतगमत येते, त्याला तोडून बोलते आणि निघून जाते. तो मरतो. मग तिलाही पश्चात्ताप होतो आणि तीही मरते. पुष्कळ ठिकाणी शेवटी दोघांच्या थडग्यांवर गुलाब आणि काटेरी वेल उगवते आणि ती एकमेकांत गुंफली जातात.

लंडनच्या सॅम्युअल पीप्सनं २ जानेवारी १६६६ च्या रोजनिशीत हे गाणं ऐकल्याची नोंद केली आहे. पुढे ते समुद्र ओलांडून अमेरिकेत गेलं आणि तिथल्या डोंगराळ भागात घरोघरी गायलं जाऊ लागलं. एका ठिकाणी तरुणाचं नाव वेगळं, दुसरीकडे महिना वेगळा, तिसरीकडे चाल वेगळी, चौथीकडे थडग्याचा शेवटच गायब.

मग प्रश्न येतो: हे एक गाणं की शंभर?

फ्रान्सिस जेम्स चाइल्ड या हार्वर्डच्या प्राध्यापकानं १८८२ ते १८९८ या काळात इंग्रजी-स्कॉटिश कथागीतांचा मोठा संग्रह प्रसिद्ध केला. त्यानं ३०५ गाण्यांना क्रमांक दिले, आणि प्रत्येक क्रमांकाखाली त्या गाण्याची मिळालेली वेगवेगळी रूपं मांडली. 'बार्बरा ऍलन'चा क्रमांक ८४. नंतर स्टीव्ह राउड या ब्रिटिश ग्रंथपालानं याहून मोठी सूची बनवली. सुमारे २५,००० गाण्यांची. तिच्यात हेच गाणं ५४ क्रमांकावर आहे. शीर्षक काहीही असो, पहिली ओळ काहीही असो, गाणं तेच असेल तर क्रमांक तोच.

विषाणूचा अभ्यास करणाऱ्याला हे लगेच कळतं. आमच्याकडे तीन पायऱ्या असतात: विषाणूची प्रजाती, तिच्यातला उपप्रकार, आणि अमुक शेतातल्या अमुक झाडातून घेतलेला नमुना. गाण्यातही तीनच पायऱ्या धरा:

- गाण्याचा प्रकार: म्हणजे 'बार्बरा ऍलन' ही सगळी मिळून एक गोष्ट.
- रूप: एखाद्या भागात स्थिरावलेली त्याची आवृत्ती.
- सादरीकरण: अमुक बाईनं, अमुक दिवशी, अमुक ओसरीवर म्हटलेलं गाणं.

लक्षात घ्या, तुमच्या मोबाईलमध्ये रेकॉर्ड होतं ते फक्त तिसरं. पहिलं आणि दुसरं तुम्ही ठरवता. तो तुमचा निर्णय असतो, आणि प्रबंधात त्या निर्णयाचं कारण लिहावं लागतं.

आता आपल्याकडे या. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत खानदेशात मुली गुलाबाई बसवतात. गुलाबाई-गुलोजींच्या मातीच्या मूर्ती, टिपऱ्या, गाणी, आणि शेवटी झाकून आणलेला खाऊ ओळखायचा. विदर्भात हीच भुलाबाई होते. पश्चिम महाराष्ट्रात भोंडला किंवा हादगा, तिथे पाटावर हत्ती काढून भोवती फेर धरतात. सासर-माहेरच्या तक्रारींची कितीतरी गाणी या सगळ्यांत थोड्याफार फरकानं सापडतात. यावलची मुलगी पुण्याच्या हॉस्टेलला गेली की तिला भोंडल्याचं गाणं ऐकताना वाटतं, 'अगं, हे तर आमचंच, पण मधलं कडवं चुकीचं म्हणतायत!' पुण्याची मुलगीही तेच म्हणते. दोघींपैकी कुणीच चुकत नाही. 'मूळ आणि बरोबर' गाणं कुठेतरी आहे आणि बाकी सगळी त्याची बिघडलेली रूपं आहेत, ही समजूत आधी बाजूला ठेवायची. संशोधकासाठी प्रत्येक रूप हा पुरावा असतो.

२. दारू: शब्द एक सांगतात, वापर दुसरंच

'वाइल्ड रोव्हर' हे गाणं जगभरच्या आयरिश पबमध्ये ग्लास आपटत म्हटलं जातं. १९६० च्या दशकात 'द डब्लिनर्स' या गटामुळे ते फार पसरलं. कुणालाही विचारा, 'आयरिश दारूचं गाणं' हेच उत्तर येईल.

पण शब्द नीट वाचा. गाण्यातला माणूस वर्षानुवर्षं दारूत पैसे उडवून आता शहाणा झालाय. पैसे नव्हते तेव्हा गुत्त्याच्या मालकिणीनं उधार नाकारलं. खिशातून नाणी काढून दाखवल्यावर तीच गोड बोलायला लागली. त्यावर तो ठरवतो की हे आयुष्य आता बास. म्हणजे हे दारू सोडण्याचं गाणं आहे! शिवाय ब्रायन पीटर्स या गायक-संशोधकानं जुनी छापील पत्रकं तपासून त्याचा माग सतराव्या शतकातल्या इंग्लंडपर्यंत नेला. थॉमस लॅनफिअर नावाच्या पद्यकारानं लिहिलेलं, पश्चात्तापाचा उपदेश करणारं एक पद्य तिथे सापडतं. म्हणजे 'आयरिश' हेही पुरतं खरं नाही, आणि 'दारूचं' हेही नाही.

असं आपल्याकडे होत नाही असं समजू नका. राम गणेश गडकऱ्यांचं 'एकच प्याला' आठवा. १९१९ मध्ये गंधर्व नाटक मंडळीनं रंगभूमीवर आणलेलं हे नाटक म्हणजे दारूनं संसार कसा धुळीला मिळतो याची शोकांतिका. त्यातली पदं वि. सी. गुर्जरांची. आज मात्र मित्रांच्या मैफलीत पहिला ग्लास उचलताना थट्टेनं याच नाटकाचं नाव घेतलं जातं. आणि त्यातलं तळीराम हे पात्र तर सामान्यनामच होऊन बसलंय. ३१ डिसेंबरच्या बातम्यांमध्ये 'तळीरामांवर कारवाई' हे दरवर्षी वाचतो आपण.

आता संशोधनाच्या भाषेत बोलू. समजा तुम्ही २०० गाण्यांचं वर्गीकरण करताय आणि रकाना एकच केलाय: 'विषय'. 'वाइल्ड रोव्हर' कुठे टाकाल? शब्दांवरून 'व्यसनमुक्ती', वापरावरून 'मद्यपान'. एका वर्गीकरण करणाऱ्यानं हे केलं आणि दुसऱ्यानं ते, तर तुमच्या आकडेवारीला अर्थ उरत नाही.

उपाय सोपा आहे, पण तो आधी करायचा असतो. मजकूर काय सांगतो आणि गाणं कधी, कुठे, कशासाठी म्हटलं जातं हे दोन स्वतंत्र रकाने ठेवायचे. एकावरून दुसऱ्याचा अंदाज कधीही बांधायचा नाही. पाळणा म्हणून म्हटलेलं गाणं पाळण्याबद्दल असेलच असं नाही. लग्नात म्हटलेलं गाणं आनंदाचं असेलच असं नाही.

३. समुद्र: काम गेलं, गाणं उरलं

२०२० च्या अखेरीस, टाळेबंदीच्या काळात, स्कॉटलंडमधल्या नेथन इव्हान्स या पोस्टमननं 'वेलरमन' हे गाणं टिकटॉकवर म्हटलं. बघता बघता जगभरच्या लोकांनी त्यात आपापले आवाज मिसळले. मार्च २०२१ मध्ये ते ब्रिटनच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोचलं. सगळीकडे बातमी एकच: 'सी शँटी परत आली!'

शँटी म्हणजे काय ते आधी बघू. शिडाच्या जहाजावर जड दोर ओढायचा असतो, नांगर उचलायचा असतो. वीस माणसांनी वीस वेगळ्या क्षणी जोर लावला तर काहीच हलत नाही. म्हणून एक जण ओळ म्हणतो, बाकीचे धृपद उचलतात, आणि धृपदातल्या ठरलेल्या शब्दावर सगळे एकदम जोर लावतात. शँटी म्हणजे कामाचं अवजार. 'ड्रंकन सेलर', म्हणजे झिंगलेल्या खलाशाचं काय करायचं असा प्रश्न विचारणारं प्रसिद्ध गाणं, हे खरं शँटी. फ्रान्सिस ऑल्मस्टेड या अमेरिकन प्रवाशानं देवमासे पकडणाऱ्या जहाजावरून केलेल्या प्रवासाचं वर्णन १८४१ मध्ये प्रसिद्ध केलं, त्यात खलाशी हे गाणं म्हणत काम करतात अशी नोंद आहे. बघा, याही गाण्यात दारू आहे, पण ते पिताना म्हणायचं नाही. ते ओढताना म्हणायचं.

'वेलरमन' मात्र देवमाशांच्या शिकारीची गोष्ट सांगणारं कथागीत आहे. वेलर बंधूंनी १८३१ मध्ये न्यूझीलंडच्या ओटागो भागात तळ उभारला होता, त्यांच्या रसद पुरवणाऱ्या माणसांचा उल्लेख या गाण्यात येतो. नील कोल्हून या संग्राहकानं ते न्यूझीलंडमध्ये मिळवलं आणि १९७३ च्या पुस्तकात छापलं. म्हणून लोकसंगीताचे अभ्यासक त्याला शँटी म्हणत नाहीत. टाळेबंदीत लोकांना जे भावलं ते म्हणजे घरोघरी एकटं बसून एकत्र गाणं. त्यात वावगं काही नाही. पण शोधनिबंध लिहिताना लोकांनी दिलेलं नाव आणि अभ्यासाची व्याख्या यांत फरक करावा लागतो.

आपल्या दर्याकडेही असाच फरक करावा लागतो. 'कोळीगीत' म्हटलं की शाळेच्या गॅदरिंगपासून गणपतीपर्यंत जे डोलकराचं गाणं वाजतं, ते शांता शेळके यांनी लिहिलेलं, हृदयनाथ मंगेशकरांनी संगीत दिलेलं आणि लता मंगेशकर व हेमंतकुमार यांनी गायलेलं आहे. डोल म्हणजे भरती-ओहोटीच्या प्रवाहात लावून ठेवायचं पिशवीसारखं जाळं, आणि ते लावणारा तो डोलकर. गाणं सुंदर आहे. पण शेळके इंदापूरच्या, आणि हे गाणं स्टुडिओत जन्मलेलं. एखाद्यानं मुंबईच्या कोळीवाड्यात जाऊन ते रेकॉर्ड केलं आणि 'पारंपरिक कोळी लोकगीत' असं लेबल लावलं, तर त्यावरून काढलेला प्रत्येक निष्कर्ष घसरेल. उलट, 'कवयित्रीचं गाणं त्या समाजानं आपलं म्हणून कसं स्वीकारलं?' हा प्रश्न विचारला, तर तो उत्तम संशोधनविषय आहे. माहिती तीच, पण लेबल बदललं की प्रश्न बदलतो.

४. आता मोजूया: गाण्यांचं अलाइनमेंट

व्याख्या झाल्या. आता दोन चाली किती जवळच्या आहेत हे आकड्यात कसं सांगायचं? पॅट्रिक सॅव्हेज आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये 'करंट बायॉलॉजी' या नियतकालिकात हे काम प्रसिद्ध केलं. त्यांनी इंग्रजी (ब्रिटन-अमेरिका) आणि जपानी लोकगीतांच्या मिळून १०,०६२ चाली घेतल्या आणि प्रत्येक चाल ही १२ स्वरांच्या 'अक्षरां'नी लिहिलेली माळ मानली. डीएनए चार अक्षरांत लिहितात, तसंच.

आपण छोटं उदाहरण करू. समजा दोन गायिकांनी एकाच ओळीची चाल अशी म्हटली:

पहिली: सा रे ग ग म ग रे सा
दुसरी: सा रे ग म ग रे नि सा

दोन्हींत आठ-आठ स्वर. जागेला जागा लावून तुलना केली तर पहिले तीन आणि शेवटचा, असे चारच स्वर जुळतात. म्हणजे ५० टक्के. या आकड्यावरून तुम्ही म्हणाल, चाली वेगळ्या आहेत. पण कान सांगतो की जवळजवळ एकच आहेत. कान बरोबर आहे. पहिलीनं 'ग' दोनदा घेतला, दुसरीनं शेवटी 'नि' जास्तीचा घेतला, एवढाच फरक. म्हणून मध्ये रिकामी जागा सोडायची परवानगी द्यायची:

पहिली: सा रे ग ग म ग रे – सा
दुसरी: सा रे ग – म ग रे नि सा

आता सात स्वर जुळतात. आठपैकी सात, म्हणजे ८७.५ टक्के. यालाच अलाइनमेंट म्हणतात. हरण्याच्या विषाणूचे दोन क्रम तपासताना मी हेच करते. तिथे अक्षरं हजारोंनी असतात आणि काम कॉम्प्युटर करतो, एवढाच काय तो फरक.

सॅव्हेज यांच्या गटाला अशा अगदी जवळच्या चालींच्या ३२८ जोड्या मिळाल्या. त्या जोड्यांमध्ये नेमकं काय बदललं हे त्यांनी पाहिलं. तालाच्या दृष्टीनं महत्त्वाच्या जागेवरचे स्वर कमी बदलतात. स्वर बदललाच तर बहुधा शेजारच्या स्वरानं बदलतो. आणि एका जागी दुसरा स्वर येण्यापेक्षा स्वर वाढणं किंवा गळणं जास्त वेळा घडतं. जनुकांमध्ये हे शेवटचं उलट असतं. विशेष म्हणजे इंग्रजी आणि जपानी या इतक्या वेगळ्या परंपरांत हे नियम सारखेच निघाले.

पण इथे थांबून एक प्रश्न विचारायला शिका: या १०,०६२ चाली आल्या कुठून? त्या आल्या संग्राहकांच्या वह्यांतून. आणि संग्राहक माणूसच असतो. स्टॅन ह्यूगिल यांनी १९६१ मध्ये शँटींचं प्रसिद्ध पुस्तक काढलं. ते स्वतः खलाशी होते, मूळ शब्द त्यांना पाठ होते. तरी पुष्कळ ठिकाणी त्यांनी अश्लील शब्द सौम्य करून छापले. म्हणजे खलाशांच्या प्रेमगीतांत आज जी सभ्यता दिसते, तिच्यातली बरीचशी छापखान्याची आहे. आपल्याकडेही लग्नात विहिणीला चिमटे काढणारी गाणी अनोळखी पोरासमोर, मोबाईल पुढे धरल्यावर, कोण म्हणेल? मग तुमच्या संग्रहात ती नसतील, आणि तुम्ही लिहाल की 'या गावात अशी गाणी नाहीत'. न मिळणं आणि नसणं यांतला हा फरक प्रबंधाच्या मर्यादांमध्ये स्पष्ट लिहायचा असतो.

५. घाई का करायची?

शँटी कशामुळे संपली? वाफेच्या यंत्रामुळे. नांगर यंत्र उचलायला लागलं, माणसांनी एका तालात ओढायची गरज उरली नाही. आपल्याकडे मोट गेली, पंप आला, आणि मोटेवरची गाणी थांबली. पिठाची गिरणी आली आणि जात्यावरच्या ओव्या थांबल्या. बायकांचे कष्ट वाचले हे चांगलंच झालं, त्याबद्दल हळहळण्यासारखं काही नाही. पण गाणं कामाला बांधलेलं होतं, म्हणून कामाबरोबर गेलं. आता ते फक्त ज्यांनी दळलंय त्यांच्या डोक्यात आहे, आणि त्या बायका आज सत्तरी-ऐंशीच्या पुढे आहेत.

काही लोकांनी वेळेवर काम केलं. साने गुरुजींनी बायकांच्या ओव्या गोळा करून 'स्त्री जीवन'मध्ये छापल्या. अमळनेरला शिक्षक असलेला हा माणूस आपल्याच भागाचा. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हॅं यांनी १९८० च्या दशकापासून महाराष्ट्रातल्या हजाराहून जास्त गावांतून एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. २०१७ पासून तो संग्रह 'पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया'वर टप्प्याटप्प्यानं येतोय, ओवी गाणारीच्या नावागावासकट. विषय शोधत असाल तर तो आधी चाळा.

आणि बहिणाबाई! आसोद्याची ही बाई लिहायला शिकली नव्हती. ती काम करता करता म्हणायची आणि घरातली माणसं, मुलगा सोपानदेव वगैरे, उतरवून घ्यायची. १९५१ मध्ये ती गेली. मग आचार्य अत्र्यांनी ती कागदं पाहिली, आणि १९५२ मध्ये 'बहिणाबाईंची गाणी' छापून आली. आज जळगावच्या विद्यापीठाला तिचं नाव आहे. ती उतरवलेली कागदं नसती तर तिची गाणी एक तर विरून गेली असती, किंवा 'लेवा समाजातली पारंपरिक गीते' म्हणून बिननावाची उरली असती. म्हणून सांगते, 'लोकगीत, कर्ता अज्ञात' असं लिहिण्याआधी विचारा: कर्ता खरंच अज्ञात आहे, की कुणी विचारलंच नाही?

६. यावल तालुक्यात एक छोटा अभ्यास कसा आखाल?

सगळं एकत्र करून एक नमुना आराखडा देते. हा एम.ए., एम.एस्सी.च्या प्रकल्पालाही पुरेल आणि पीएच.डी.च्या आधीची चाचणी म्हणूनही.

प्रश्न: लग्न होऊन आलेली बाई गुलाबाईचं गाणं म्हणते, ते तिच्या माहेरच्या रूपाच्या जवळ असतं की सासरच्या?

हा प्रश्न मुद्दाम निवडलाय. यावलमध्ये रेकॉर्ड केलेलं गाणं यावलचं असेलच असं नाही. बाई चोपड्याची असेल, मुक्ताईनगरची असेल, बऱ्हाणपूरकडची असेल. गाणं तिनं दहाव्या वर्षी तिकडे शिकलंय. म्हणून नकाशावर ठिपका द्यायचा तो रेकॉर्डिंगच्या गावावर की माहेरावर, हे ठरवल्याशिवाय नकाशा काढू नका. खलाशांच्या गाण्यांतही हाच पेच आहे. गाणं कुठल्या बंदरात ऐकलं आणि गाणारा कुठून आला, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

नमुना: फैजपूर, न्हावी, साकळी, किनगाव, बामणोद अशी पाच गावं. प्रत्येक गावात सहा जणी, तीन वयोगटांतल्या दोन-दोन. एकूण ३०. प्रत्येकीकडून पाच गाणी मिळाली तर १५० सादरीकरणं. सुरुवातीला एवढं पुष्कळ झालं.

रकाने: गायिका (किंवा तिला हवं असेल तर टोपणनाव), वय, माहेर, सासर, लग्नाचं वर्ष, गाणं कोणाकडून शिकलं, शब्द, चाल, कधी म्हणतात. शब्द लिहिताना ते ऐकू आले तसेच लिहा. लेवा बोलीतला शब्द 'शुद्ध' करू नका. प्रमाण मराठीतलं रूप हवं असेल तर वेगळ्या रकान्यात द्या.

'एक गाणं' ठरवण्याची कसोटी: दोन जणांनी, एकमेकांना न विचारता, ५० जोड्या ऐकून 'तेच गाणं' की 'वेगळं' असं ठरवायचं. समजा ४० जोड्यांवर एकमत झालं, म्हणजे ८० टक्के. छान वाटतं ना? पण दोघंही अर्ध्या वेळा 'तेच' म्हणत असतील, तर नुसत्या नाणेफेकीनंही ५० टक्के एकमत झालंच असतं. तो भाग वजा करायचा: (०.८ – ०.५) ÷ (१ – ०.५) = ०.६. याला कोहेनचा कप्पा म्हणतात. तो फार कमी आला तर गाणी मोजू नका, आधी व्याख्या दुरुस्त करा.

मोजमाप: प्रत्येक गाण्याचं अलाइनमेंट करून त्याचं माहेरच्या भागातल्या रूपाशी आणि सासरच्या गावातल्या रूपाशी साम्य काढा. माहेरचा आकडा सातत्यानं जास्त आला तर गाणं लहानपणी पक्कं होतं असं म्हणता येईल. सासरचा जास्त आला तर बाई नव्या फेरात मिसळताना गाणं बदलते. दोघांत फरक नसेल तर तोही निकालच आहे, तो लपवायचा नाही. कुठलंही उत्तर आलं तरी काहीतरी कळणार, असा प्रश्न आरएसीपुढे न्यायला कधीही सोपा.

संमती: रेकॉर्डिंग सुरू करण्याआधी विचारा, नंतर नाही. हे कुठे वापरणार, नाव टाकायचं का, नको असलेलं गाणं काढून टाकायचं का, हे तिच्या बोलीत सांगा. 'आजी, जरा म्हणून दाखवा ना' एवढं म्हणजे संमती नव्हे. आणि काम झाल्यावर रेकॉर्डिंगची एक प्रत तिच्या घरी द्या. नातवंडांच्या मोबाईलवर पाठवली तरी चालेल.

यंदाची भाद्रपद पौर्णिमा कधी आहे ते कॅलेंडरमध्ये बघून ठेवा. त्याच्या आधी दोन कामं करा. ज्या गावात जायचंय तिथल्या एखाद्या ओळखीच्या काकूंना भेटून या, आणि कोऱ्या कागदावर एक वाक्य लिहा: 'माझ्या अभ्यासात एक गाणं म्हणजे...' ते वाक्य पुरं होत नसेल तर अडचण नाही, तिथूनच गाईडशी बोलायला सुरुवात करा.

पुढच्या लेखात हे अलाइनमेंट साध्या एक्सेल शीटमध्ये हातानं कसं करायचं ते पायरीपायरीनं बघू. कॉम्प्युटर लॅब नसली तरी चालेल.